सीएलएल आणि लिम्फोमाच्या उपचारांतील संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना सीएलएल किंवा लिम्फोमाचा रिपोर्ट मला रोज लिहावा लागत नाही. पण ज्या दिवशी लिहावा लागतो, त्या दिवशी नातेवाईक तो कागद हातात घेऊन बराच वेळ समोर बसून राहतात. त्यांनी तेव्हा विचारलेले आणि पुढे पुण्या-मुंबईहून परतल्यावर पुन्हा येऊन विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उपचार ठरवण्याचे काम रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचेच आहे. त्यांना काय विचारावे, एवढे जरी या उत्तरांतून कळले तरी पुरे.

सीएलएल आणि लिम्फोमा हे दोन वेगळे आजार आहेत का?

दोन्ही आजार लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे आहेत. या पेशी रक्तात आणि बोन मॅरोमध्ये साचल्या की त्याला ल्युकेमिया म्हणतात; मान, काख, जांघ किंवा पोटातील लसीका ग्रंथींत गाठी करून बसल्या की लिम्फोमा म्हणतात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा या दोहोंच्या सीमेवरचा आजार आहे. याच पेशी रक्तात फारशा न दिसता केवळ गाठींत आढळल्या तर रिपोर्टवर एसएलएल (स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा) असे लिहिले जाते, पण आजार तोच आणि उपचारही तेच. लिम्फोमाचे मात्र कित्येक प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: फॉलिक्युलर लिम्फोमा वर्षानुवर्षे संथ राहू शकतो, तर बर्किट लिम्फोमाची गाठ काही दिवसांत दुप्पट होते. गेल्या तीस वर्षांत औषधे पुष्कळ आली. नेमका प्रकार न ओळखता दिली, तर त्यांतली उत्तमातली उत्तमही वाया जातात.

वडिलांना काहीच त्रास नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासले, तर पांढऱ्या पेशी ६०,००० निघाल्या. हे कसे?

सीएलएल बहुतेक वेळा असाच, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो. निरोगी माणसात या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात, त्यामुळे ६०,००० हा आकडा पाहून घरातल्या सर्वांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढून, रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला, की लहान, गोल, एकसारख्या लिम्फोसाइटची गर्दी दिसते. त्यांच्या केंद्रकातील द्रव्य उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडाव्यात तसे तुकड्यातुकड्यांनी गोळा झालेले असते. अधूनमधून जांभळे, फिसकटलेले डाग दिसतात. त्या पेशी इतक्या नाजूक असतात, की थेंब ओढतानाच फुटतात. हे चित्र पाहून सीएलएलचा दाट संशय येतो, पण निदान पक्के होते ते फ्लो सायटोमेट्रीने. या तपासणीत पेशींवरील सीडी५, सीडी१९, सीडी२३ यांसारख्या खुणा मोजल्या जातात. लिम्फोसाइटचे टी-पेशी आणि बी-पेशी असे दोन मुख्य प्रकार आहेत. सीडी५ ही खरे तर टी-पेशींची खूण, ती बी-पेशीवर सापडणे हे सीएलएलचे वैशिष्ट्य. अशा बी-पेशी दर मायक्रोलिटरला ५,००० किंवा अधिक आणि निदान तीन महिने टिकून असाव्या लागतात. ही तपासणी हाताच्या शिरेतील रक्तावर होते. केवळ निदानासाठी दरवेळी बोन मॅरो काढण्याची गरज नसते.

मग डॉक्टर “आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी या” असे का म्हणाले? कॅन्सर असूनही थांबायचे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर देताना घाई करू नये असे मला वाटते. “सुरुवातीलाच पकडला तर बरा होतो” हे आपण स्तनाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरबद्दल ऐकलेले असते, आणि तिथे ते खरेही आहे. सीएलएलमध्ये मात्र ही समजूत संशोधकांनी प्रत्यक्ष तपासून पाहिली. फ्रान्समधील संशोधकांनी सुरुवातीच्या टप्प्यातील दीड हजारांहून अधिक रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला लगेच क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला त्रास सुरू होईपर्यंत काहीच दिले नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लगेच गोळ्या घेणारे जास्त जगले नाहीत. तो काळ जुन्या औषधांचा होता, म्हणून जर्मन गटाने सीएलएल१२ या चाचणीत हाच प्रश्न इब्रुटिनिब या नव्या गोळीबाबत विचारला. आजार पुढे सरकणे लांबले, पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दुष्परिणाम मात्र सोसावे लागले.

म्हणजे थांबणे हा निष्काळजीपणा नाही, तो पुराव्यावर उभा असलेला निर्णय आहे. उपचार सुरू करण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत: हिमोग्लोबिन १० च्या खाली जाणे, प्लेटलेट १ लाखाच्या खाली जाणे, लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणे, प्लीहा किंवा गाठी फार वाढणे, आणि कारणाशिवाय ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे. केवळ पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे, म्हणून उपचार सुरू होत नाहीत. काही रुग्णांना कधीच औषध लागत नाही. ठरलेल्या तारखेला सीबीसी आणि गाठी-प्लीहेची तपासणी मात्र चुकवू नये, कारण थांबणे म्हणजे विसरून जाणे नव्हे.

मानेत गाठ आली, तिची सुईची तपासणी झाली आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आता चार महिन्यांनी लिम्फोमा निघाला. चूक कुणाची?

अशा फाइली मी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे. आपल्या भागात मानेतील गाठ बहुधा टीबीचीच असते, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणे चूक नाही. घरात “अवधाण आले आहे, शेकले की जाईल” म्हणून दोन महिने आधीच गेलेले असतात, हेही खरे आहे. चूक होते ती पुराव्याशिवाय गोळ्या सुरू करून सहा महिने वाट पाहण्यात. सुईने ओढलेल्या मूठभर पेशींवरून टीबी कळू शकतो, पण लिम्फोमात त्या पेशी गाठीत कशा रचलेल्या आहेत हे पाहावे लागते, आणि ती रचना सुईत येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे संपूर्ण गाठ काढून तपासावी.

या टप्प्यावर तीन गोष्टी सांभाळल्या तर पुढचे बरेच हाल वाचतात. बायोप्सीच्या आधी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड देऊ नये, कारण त्याने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या विरघळतात, गाठ ओसरते आणि निदान हुकते. काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्येच पाठवावी. सलाइनच्या बाटलीत दिवसभर राहिलेली गाठ माझ्या टेबलावर येते तेव्हा पेशी कुजू लागलेल्या असतात आणि रुग्णाला पुन्हा चिरा घ्यावा लागतो. आणि टीबीचाही संशय असेल तर त्याच गाठीचा एक ताजा तुकडा निर्जंतुक डबीत, फॉर्मेलिनशिवाय, टीबीच्या तपासणीसाठी वेगळा पाठवावा. गाठ काढण्याच्या दिवशी नातेवाइकांनी “दोन बाटल्या लागतील का?” एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

फिश, आयजीएचव्ही, टीपी५३ या महागड्या तपासण्या कशासाठी?

एकाच नावाखाली निदान दोन स्वभावांचे आजार आहेत, हे १९९९ मध्ये दोन संशोधनगटांनी एकाच सुमारास दाखवले. ज्या रुग्णांच्या पेशींतील आयजीएचव्ही हे जनुक बदललेले, म्हणजे म्युटेटेड, असते त्यांचा आजार संथ चालतो. बदललेले नसते त्यांचा लवकर डोके वर काढतो. म्युटेशन हा शब्द ऐकून नातेवाईक घाबरतात, पण इथे म्युटेटेड असणे ही चांगली बातमी आहे. टीपी५३चे मात्र उलट आहे. हे जनुक बिघडलेल्या पेशीला मरायला भाग पाडते. सतराव्या गुणसूत्राचा त्याच्यासह तुकडा गळून पडलेला असेल (हे फिश या तपासणीत दिसते) किंवा ते बिघडलेले असेल, तर जुनी केमोथेरपी जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि तिचा त्रास तेवढा पदरात पडतो. म्हणून उपचार सुरू करण्याआधी या तपासण्या करून घ्याव्यात. आयजीएचव्हीचा निकाल बदलत नाही, तो एकदाच करावा; फिश आणि टीपी५३ मात्र प्रत्येक नव्या उपचाराआधी पुन्हा पाहावे लागतात. वाट पाहण्याच्या काळात त्या करायच्या की नाहीत, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पैशांची ओढाताण असेल तर उपचाराची वेळ येईपर्यंत थांबल्याने नुकसान होत नाही.

या नव्या गोळ्या कशा सापडल्या?

यामागे दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही कॅन्सरच्या औषधापासून फार दूर सुरू झाल्या. १९५२ मध्ये अमेरिकी सैन्यातील बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांनी सतत जंतुसंसर्ग होणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाची नोंद केली. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे बी-पेशींपासून मिळणारी जंतूंशी लढणारी प्रथिने, नव्हतीच. १९९३ मध्ये त्यामागचे बिघडलेले जनुक सापडले आणि त्या प्रथिनाला ब्रुटन यांचे नाव मिळाले: ब्रुटन टायरोसिन कायनेज, म्हणजे बीटीके. हे प्रथिन नसेल तर बी-पेशी तयारच होत नाहीत. मग सीएलएलच्या बी-पेशींतील बीटीके बंद पाडले तर काय होईल, या प्रश्नातून इब्रुटिनिब आले. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मँटल सेल लिम्फोमासाठी आणि २०१४ मध्ये सीएलएलसाठी मान्यता मिळाली. नंतरच्या ॲकॅलाब्रुटिनिब आणि झॅनुब्रुटिनिब या गोळ्या त्याच प्रथिनावर काम करतात, पण हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास त्यांत कमी आहे. या गोळ्यांना न जुमानणाऱ्या आजारासाठी आता पिर्टोब्रुटिनिब आहे. ते बीटीकेला वेगळ्या प्रकारे चिकटते.

दुसरी गोष्ट बीसीएल-२ या जनुकाची. ते १९८० च्या दशकात फॉलिक्युलर लिम्फोमात सापडले आणि मेलबर्नमधील वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवले, की हे जनुक पेशींना वाढवत नाही, तर मरू देत नाही. सीएलएलच्या पेशी साचतात त्या बहुतांशी याच कारणाने. बीसीएल-२ला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये वापरात आले. ते इतके प्रभावी निघाले, की सुरुवातीच्या चाचण्यांत पेशी एकदम मरून रक्तातील पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड उसळले आणि काही रुग्ण दगावले. त्यातूनच आजची पद्धत ठरली: पहिल्या आठवड्यात रोज २० मिलिग्रॅम, मग पुढच्या तीन आठवड्यांत अनुक्रमे रोज ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यापासून रोज ४००. त्या काळात वारंवार रक्त तपासतात, दिवसाला दीड-दोन लिटर पाणी प्यायला सांगतात. “गोळ्या आहेत तर घरी एकदमच सुरू करू” असे कुणी करू नये. वरच्या पायऱ्या त्या रुग्णांच्या जिवाच्या मोलाने शिकलेल्या आहेत.

गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

बीटीकेच्या गोळ्या आजार ताब्यात असेपर्यंत किंवा सहन होईपर्यंत चालू ठेवतात. व्हेनेटोक्लॅक्सचे उपचार मात्र मुदतीचे आहेत: सीएलएल१४ चाचणीत ओबिन्युटुझुमॅबच्या इंजेक्शनांसह एकूण बारा महिने, तर आजार परतलेल्या रुग्णांच्या मुरानो चाचणीत रिटुक्सिमॅबसह दोन वर्षे (ही दोन्ही इंजेक्शने बी-पेशींना चिकटून त्यांचा नाश घडवतात). औषध थांबल्यानंतरही बहुतेकांचा आजार कित्येक वर्षे शांत राहिला. ज्या घरात दर महिन्याच्या औषधासाठी कुणाकडे तरी हात पसरावा लागतो, त्या घराला शेवट ठरलेला उपचार किती मोलाचा असतो, हे मी जवळून पाहिले आहे. कोणता मार्ग योग्य, हे वय, किडनी, हृदय, टीपी५३ आणि तपासणीसाठी वारंवार येण्याची सोय यांवर ठरते.

म्हणजे केमोथेरपीचे दिवस संपले?

नाही. हॉजकिन लिम्फोमात एबीव्हीडी हे १९७० च्या दशकातील चार औषधांचे मिश्रण आजही बहुसंख्य रुग्णांना पूर्ण बरे करते. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात चॉप या जुन्या केमोला रिटुक्सिमॅबची जोड दिल्यावर, साठीपुढच्या रुग्णांत पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण १०० पैकी ६३ वरून ७६ वर गेले, असे फ्रेंच संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. आर-चॉपने आजही निम्म्याहून अधिक रुग्ण कायमचे बरे होतात. सीएलएलमध्येही, ज्यांचे आयजीएचव्ही म्युटेटेड होते अशा एफसीआर (दोन केमो औषधे आणि रिटुक्सिमॅब) घेतलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार बारा वर्षांनंतरही परतलेला नव्हता. तरीही एफसीआरचे जंतुसंसर्ग आणि पुढे दुसरा रक्तविकार होण्याचा धोका पाहता, नव्या गोळ्या परवडत असतील तर तिकडेच कल आहे.

कार-टी सेल उपचार भारतात मिळतो का?

मिळतो. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना सीडी१९ ही खूण ओळखणारे जनुक देऊन, वाढवून परत सोडतात. याची सुरुवात सीएलएलमध्येच झाली: २०१० मध्ये फिलाडेल्फियात तीन रुग्णांना या पेशी दिल्या, दोघांचा आजार पूर्ण नाहीसा झाला आणि त्यांच्या शरीरात या पेशी दहा वर्षांनंतरही सापडल्या. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. हा उपचार इतर औषधांना न जुमानणाऱ्या किंवा परतलेल्या बी-सेल लिम्फोमासाठी आणि बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियासाठी आहे. परदेशांतील उपचारापेक्षा तो खूप स्वस्त आहे, पण खर्च अजूनही लाखांतच आहे. सीएलएलमध्ये मात्र पहिल्या तीन रुग्णांसारखे यश सर्वांना मिळाले नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झालेल्या कार-टी उपचारात पूर्ण प्रतिसाद सुमारे पाचांतील एका रुग्णालाच मिळाला. सीएलएलच्या रुग्णाच्या टी-पेशी मुळात थकलेल्या असतात, हे त्याचे एक कारण. “कार-टीसाठी शेत विकू का?” असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की आधी आपल्या आजारासाठी त्याला मान्यता आहे का, ते लेखी विचारून घ्या.

“ट्रायलमध्ये घेतो” असे सांगितले. आमच्यावर प्रयोग तर करणार नाहीत ना?

शंका रास्त आहे आणि ती बोलून दाखवायला संकोच करू नये. भारतातील प्रत्येक वैद्यकीय चाचणी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सीटीआरआय या नोंदवहीत असते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून रुग्ण घेण्याआधी नोंद करणे सक्तीचे आहे. चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागावा आणि संकेतस्थळावर स्वतः पाहावा. २०१९ च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, संमतिपत्र रुग्णाला समजेल त्या भाषेत असावे लागते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे. आपल्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मराठी कागदावर नुसती सही न करता आपल्या भाषेतील प्रत मागावी. संमतिपत्र घरी नेऊन वाचायचा अधिकार आहे. मधेच बाहेर पडायचाही आहे, आणि त्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. कॅन्सरच्या चाचण्यांत बहुधा नव्या औषधाची तुलना प्रचलित उपचाराशी होते; दुसऱ्या गटाला काय मिळणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

खर्चाचे काय?

रिटुक्सिमॅबचे भारतात तयार झालेले बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखेच दुसऱ्या कंपनीचे औषध, २००७ पासून मिळते आणि त्याने लिम्फोमाच्या उपचाराचा खर्च बराच खाली आणला. इब्रुटिनिबच्याही भारतीय जेनेरिक गोळ्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण प्रत्येक औषध त्यात बसत नाही. उपचार ठरण्याआधीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. कर्करुग्णांना रेल्वे प्रवासात सवलत आहे, त्यासाठी ठरावीक नमुन्यातील दाखला रुग्णालयाकडून आधीच घेऊन ठेवावा.

गोळ्या चालू असताना घरी काय सांभाळावे?

पपनस आणि ग्रेपफ्रूट खाऊ नये. त्यांनी यकृतातील एक विकर अडते आणि औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. याउलट टीबीवरील रिफॅम्पिसिन हेच प्रमाण इतके घटवते, की गोळी घेऊनही न घेतल्यासारखे होते; म्हणून टीबीचे औषध सुरू करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला या गोळ्यांचे पाकीट दाखवावे. बीटीकेच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे दात काढायचा असला तरी आधी विचारावे. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. नागीण उठली किंवा ताप १०१ च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नये. गुळवेलाचा काढा पुष्कळ घरांत असतो; त्याने यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे, तेव्हा तो बंद ठेवावा.

हा आजार मुलांना होईल का?

जवळच्या नातेवाइकांत सीएलएलचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो, पण मुळात आजार दुर्मीळ असल्याने प्रत्यक्ष शक्यता कमीच राहते. निरोगी मुलांची तपासणी करण्याची शिफारस नाही.

सोलापुरात काय होऊ शकते आणि बाहेर कशासाठी जावे?

सीबीसी, स्मिअर (काचपट्टीवरील रक्ताची तपासणी) आणि गाठीची बायोप्सी येथे होते. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी सुरू झाली. गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून रुग्ण शोधणाऱ्या त्या कार्यकर्त्यांच्या कष्टांवर ग्रामीण भारतातील कॅन्सरचे आकडे उभे आहेत, याचा मला जिल्ह्याची रहिवासी म्हणून अभिमान वाटतो. पहिला आराखडा ठरवायला, कार-टीसाठी किंवा चाचणीसाठी मुंबई-पुण्याला जावे लागेल. त्यानंतरच्या रक्ततपासण्या आणि बरीच इंजेक्शने मात्र जवळ होऊ शकतात, तशी लेखी सूचना तिथल्या डॉक्टरांकडून मागून घ्यावी.

निघताना केवळ रिपोर्ट नेऊ नका. तुमच्या गाठीचा मेणातील ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड आमच्याकडे जपून ठेवलेल्या असतात आणि त्या मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मोठ्या रुग्णालयात त्याच ब्लॉकवर पुन्हा तपासणी होते. तो नसेल तर एक खेप फुकट जाते. ब्लॉक लहान प्लास्टिकच्या डबीत, कापसात गुंडाळून, पाकिटावर बायोप्सी क्रमांक लिहून न्यावा आणि एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, मेण मऊ पडते. काम झाल्यावर तो परत मागून आणावा. पाच वर्षांनी आजार परतला आणि तोवर नवे औषध आले असले, तर ते चालेल की नाही हे कदाचित त्या नखाएवढ्या तुकड्यावरच तपासावे लागेल.